पोलादाचं पीठ

करंट गेला आणि माझं गाणं उघडं पडलं.

आमच्या प्रयोगशाळेतली चक्की म्हणजे पोटात पोलादी गोळ्या भरलेलं, कडेकोट बंद केलेलं पिंप. ती फिरायला लागली की अख्खी शेड कडाडायची. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसते ओठ हललेले दिसायचे. म्हणून तर मी तिथे गायचे! चाल आईच्या जात्यावरची, शब्द माझ्या मनचे, आणि गळा मोकळा सोडलेला —

पोलादाचं पीठ, दळिते बाई बारीक
आगीत उभा राही, असा साजण दे…

नेमकं तिथेच हैदराबादच्या कांचनबागेतले दिवे गेले. गोळ्या थबकल्या. त्या शांततेत 'साजण दे' एवढंच पत्र्याच्या छताला लागून परत आलं.

"किती?" दारातून कुणीतरी विचारलं.

मागे वळून पाहिलं. भुरभुर पावसातून आलेला एक उंच, किडकिडीत मुलगा. चष्म्याच्या काचांवर थेंबच थेंब… मी त्याला धड दिसतही नसेन.

"एक," माझ्या तोंडून निघून गेलं. ओवीची ओळच 'साजण दे एक' अशी संपत होती, मी तरी काय करू?

"बरं झालं. जास्त मागितले असते तर पंचाईत होती." त्याने शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मग जरा चपापला. "मी श्रीकांत खांबेटे. पुण्याहून आलोय. सोनकांबळे मॅडमच्या हाताखाली रुजू व्हायचंय. त्या कुठे भेटतील?"

"इथेच. पण त्या गात नाहीत."

"मग आत्ता कोण गात होतं?"

"चक्की."

"गोड गळा आहे हो चक्कीचा," तो म्हणाला, आणि चपला काढायच्या विसरून तसाच आत आला. मी त्याला परत दाराशी पाठवलं. पहिल्या दिवशीच धाक बसलेला बरा असतो.

त्र्याण्णवचा ऑगस्ट होता. दिलसुखनगरच्या गल्ल्यागल्ल्यांत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या पाट्या लागत होत्या, माझ्या बरोबरीची मुलं आज बंगळूरला तर उद्या अमेरिकेला उडत होती. आणि मी पोलाद दळत होते. हो, दळतच! पुढे कधीतरी बांधायच्या अणुभट्ट्या आजच्यापेक्षा कितीतरी तापणार. तिथे इंधनाच्या नळ्यांना साधं पोलाद चालत नाही. रात्रीतून मोडत नाही ते, पण उकाड्यात मेणबत्ती कलावी तसं कणाकणाने ओळंबत जातं. त्याला ओळंबू द्यायचं नसेल तर त्याच्या अंगात यिट्रियाची पांढरी पूड मुरवायची, रांगोळीहून कितीतरी बारीक. वितळवून ती मुरत नाही, वर तरंगून येते. म्हणून पोलादाचं पीठ करायचं, त्यात पूड घालायची, आणि दळत राहायचं… दळत राहायचं… जोवर दोघं एकमेकांपासून वेगळी काढता येईनाशी होत नाहीत.

हे मी श्रीकांतला समजावून सांगितलं तेव्हा तो फार गंभीर चेहरा करून म्हणाला, "म्हणजे प्रेमविवाहच की."

"नाही. ठरवून केलेलं लग्न. प्रेमाचा प्रश्न नंतर येतो, भट्टीत."

दळलेल्या पिठाची गरम दाबून कांडी काढायची, आणि कांडीची परीक्षा तळघरात. तळघरातल्या त्या खोलीत आम्ही सगळे मांजरासारखे चालायचो. ओळीने उभी यंत्रं, प्रत्येकात एक लालबुंद भट्टी, भट्टीत करंगळीएवढा नमुना लटकवलेला. वर तराजूसारखी आडवी दांडी. तिचं एक टोक नमुन्याला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला वजनांचं पारडं. नमुना केसाएवढा लांबला तरी तबकडीवरचा काटा चुगली करायचा.

"इथे आपण काय करायचं?" श्रीकांत कुजबुजला.

"वाट बघायची."

"त्याचा पगार देतात?"

"थोडा. म्हणून तर सगळे कॉम्प्युटरकडे पळतात."

तो हसला नाही. काट्याकडे बघत राहिला. मग, काट्याकडेच बघत, म्हणाला, "मला वाट बघायला जमतं, मॅडम."

त्या खोलीत एवढी उष्णता असते, की कान तापले तरी कुणाला कळत नाही. बरं असतं ते.

त्या नमुन्यावर माझं सगळं काही टांगलेलं होतं. आमचे विभागप्रमुख एकनाथराव. जुन्या हैदराबादेतलं मराठी घर, त्यामुळे साहेबांच्या तोंडी निम्मी दखनी असायची. त्यांनी मला खोलीत बोलावून, चहा पाजून सांगितलं होतं, "बघ गीता, हवा बदललीय. दरवाजे उघडलेत. वर म्हणायलेत, सगळं बाहेरून मिळतंय तर ही चक्की कायकू? डिसेंबरात समिती येतेय. तोवर तुझा नमुना न ओळंबता टिकला, तर नळ्या काढायला मंजुरी. नाही टिकला तर चक्की बंद, गट मोडला. तुला तपासणी विभागात टाकतील… खिळे-बोल्ट मोजायला."

"टिकेल, साहेब."

"हौ. टिकव."

चार वर्षं दळलं होतं मी. रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्यभर हातोडा मारलेल्या माझ्या बाबांना, नागोरावांना, मी हरएक कांडी नेऊन दाखवली होती. बाबा गेले, दळण चालूच राहिलं. आता ते असं कुणी 'कायकू' म्हणून थांबवणार?

श्रीकांत माझ्याबरोबर राबला. पुढच्या नमुन्यांसाठी पीठ चाळलं, भट्ट्यांच्या तारा जोडल्या, आणि संध्याकाळी त्याच बसने माझ्यासोबत चिक्कडपल्लीपर्यंत यायला लागला. त्याची खोली होती मलकपेटला, म्हणजे निम्म्या वाटेत. उतरायचं तो रोज विसरायचा.

"तुमचा स्टॉप गेला."

"अरेच्चा… आता?"

"आता परत जा."

"तहान लागलीय हो."

अशी तहान लागता लागता एकदा तो आमच्या घरी जेवायला बसला. आईने, केसरबाईने, ज्वारीची भाकरी थापली, झणझणीत रस्सा वाढला. तो नाक पुसत, डोळे पुसत जेवला. "पुण्यात असं तिखट मिळत नाही" म्हणत आणखी मागून जेवला. आई त्याच्याकडे बघत होती. पानावरून उठायच्या आत तिने विचारलं, "लेकरा, आमच्यात जेवलास, हे तुझ्या घरी सांगशील का?"

त्याचा हात ताटात थांबला. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे त्याची नजर गेली, परत आली.

"सांगेन," तो म्हणाला. उशिरा म्हणाला, पण म्हणाला.

"बघ बाबा. जेवायला येणारे लई बघितले मी," आई म्हणाली, आणि त्याच्या पानात अजून एक भाकरी टाकली.

मग दसरा आला.

आमच्यासाठी त्या दिवसाचं मोल वेगळं. पांढरी साडी नेसून, आईला घेऊन मी नांदेडला धम्मदीक्षेच्या कार्यक्रमाला गेले. इकडे प्रयोगशाळेत आयुधपूजा. एरवी शिट्टीच्या धाकात चालणारी सगळी यंत्रं त्या दिवशी थांबवतात, धुतात, पुसतात, कुंकू लावतात. आमचे जुने कारागीर अप्पाराव दाराशी कोहळा फोडतात, यंत्रांना झेंडूचे हार घालतात. फक्त तळघरातली यंत्रं थांबत नाहीत. त्यांच्या पायाला कुंकवाचा टिळा लावायचा, वर काही चढवायचं नाही, ही तिथली रीत. सगळ्यांना इतकी ठाऊक, की ती सांगायची गोष्ट आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी परतले तेव्हा श्रीकांत तळघराच्या दाराशी उभा होता. चेहरा असा, की जणू त्याचाच सण होता.

"डोळे मिटा."

"इथे डोळे उघडे ठेवायचे असतात."

"एवढ्यापुरते, मॅडम…"

मी आत गेले. माझ्या यंत्राच्या दांडीवर, अगदी टोकाला, पारड्याच्या वर, झेंडूचा भला थोरला हार! जामबागेच्या बाजारातून आणलेला, पाणी मारून ताजा राखलेला, मध्ये लिंबं गुंफलेला.

"तुमचंच यंत्र उघडं दिसत होतं," तो मागून हळूच म्हणाला. "तुम्ही नव्हता… मला बघवेना."

दोन्ही हातांनी, जसं झोपलेलं मूल उचलावं तसा तो हार उचलला, वजनकाट्यावर ठेवला. किलोभर भरला. ती दांडी एकाचे दहा करते. टोकाला किलोभर टांगलं, तर आत नमुन्याला दहा किलोची जास्तीची ओढ. आणि हार तिथे परवापासून होता. काट्याच्या हालचालीची कागदावर उमटणारी रेघ परवापर्यंत सपाट, पुढे वर चढलेली.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे, मग काट्यावरच्या झेंडूंकडे. मला त्याला काहीच समजवावं लागलं नाही. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"मी… गीता मॅडम, मी…"

"गप्प बसा जरा," मी म्हटलं. "मला विचार करू द्या."

एकनाथरावांनी सगळं ऐकून घेतलं. माया होती त्यांची माझ्यावर, म्हणूनच तसं बोलले असावेत. "सणाची सुट्टी होती. नोंदी राहून गेल्या म्हण. रेघ जोडून टाक. कोण विचारतंय?"

श्रीकांत खाली मान घालून उभा होता. मोह मलाही झाला, नाही कशाला म्हणू? चार वर्षं… आणि समोर डिसेंबर.

"साहेब," मी म्हटलं, "उद्या ही नळी खऱ्या भट्टीत बसली, आणि तिच्यावर आपल्याला ठाऊक नसलेला भार आला, तर आत जाऊन तो कोण काढणार?"

साहेबांनी टेबलावरचा चहा माझ्याकडे सरकवला. "मग?"

"हा नमुना बाद. आजच दुसरा लावते. डिसेंबरपर्यंत जेवढा टिकेल तेवढा दाखवेन. कमी पडेल, तर मुदत मागेन."

"आणि नाही दिली?"

"तर भांडेन."

जिन्यात श्रीकांतने मला गाठलं. "माझ्यावर ओरडा तरी."

"वेळ नाही. भट्टी निवायच्या आत बोल्ट सैल करायचेत. येताय?"

तो आला. आम्ही दोघांनी जुना नमुना उतरवला, नवा लटकवला, पारड्यात वजनं चढवली. श्वास रोखून, एकेक करून. आमची बोटं एकमेकांना लागत होती आणि दोघंही तसं काही झालंच नाही असं दाखवत होतो. नंतरचे कितीतरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. बसमध्ये तो मलकपेटला उतरायला लागला. न विसरता. खिडकी मोकळी व्हायची, आणि मला वारा नकोसा व्हायचा…

समिती आली. लांबलचक टेबल, पाच पिकलेली डोकी. मी पोलाद, पीठ, पूड सगळं सांगितलं. बाद नमुनाही सांगितला, हाराच्या वजनासकट. अहवालात लिहिलंच होतं.

एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी पेन्सिल आपटली. "बाई, आता जग खुलं झालंय. जे हवं ते विकत मिळेल."

"भाकरी मिळेल साहेब, जातं नाही मिळायचं," मी म्हटलं. "आणि ज्या दिवशी ते भाकरी द्यायची नाही म्हणतील, त्या दिवशी आपण दळायला शिकायचं का?"

मग मधल्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी चष्मा नाकावर ओढला. "हा हार… घातला कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत मागची खुर्ची सरकली. "मी, सर."

"तुम्ही शिकलेसवरलेले इंजिनिअर. दांडीवर भार टाकू नये, एवढं कळलं नाही?"

"तेव्हा नाही कळलं, सर."

"आणि तळघरात एवढी यंत्रं. सगळ्यांना घातले हार?"

"नाही सर. एकालाच."

"का बरं?"

श्रीकांतने एकदा एकनाथरावांकडे पाहिलं, एकदा छताकडे. चष्मा काढला. तो काढला की त्याला कुणीच दिसत नाही, म्हणून असेल.

"सर… ते यंत्र मॅडमचं होतं."

पाचांपैकी तिघं खोकले. एकनाथरावांनी तोंडावर रुमाल धरला. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, आणि कागदावर काहीतरी लिहीत म्हणाले, "पुढच्या दसऱ्यापर्यंत मुदत. नमुना तोवर उभा राहिला तर नळ्यांना मंजुरी. आणि बाई, तोवर फुलवाल्याला तळघराबाहेर ठेवा."

बाहेर व्हरांड्यात मी त्याला धारेवर धरलं. "लाज नाही वाटली? पाच म्हाताऱ्यांसमोर?"

"वाटली. पण तुम्ही एवढं खरं बोललात… माझ्याच्याने खोटं निघेना." तो हात बांधून उभा राहिला. "आता अर्धं बोललोच आहे तर पुरतं बोलतो. दिवाळीला पुण्याला गेलो होतो, तेव्हा घरी सांगितलं. तुमच्याकडे जेवलो ते, आणि जन्मभर जेवायचंय ते."

"…मग?"

"बाबा बोलत नाहीत माझ्याशी. आईने विचारलं, मुलीला स्वयंपाक येतो का. म्हटलं, पोलाद शिजवते."

हसू आलं तर सगळं संपलं, म्हणून मी ओठ घट्ट मिटले. "आणि प्रकाशचं ते बंगळूरचं बोलावणं?" प्रकाश त्याचा मित्र, महिन्यातून दोनदा फोन करून कॉम्प्युटरच्या नोकरीला बोलवायचा.

"नाही म्हणून कळवलं."

"माझ्यासाठी थांबणार असाल तर थांबू नका, श्रीकांत. माझ्यावर तो भार नको. कामासाठी थांबायचं असेल तर थांबा."

"कामासाठीच थांबतोय. काम तुमचं निघालं, हा माझा दोष?" तो जवळ आला. पाऊल नाही, अर्धं पाऊल. "उत्तर कधी द्याल?"

मी तळघराच्या जिन्याकडे बोट दाखवलं. "नमुना तुटेल तेव्हा."

तो निघून चालला होता, तसाच माघारी वळला. "अहो, पण तो तर तुटू नये म्हणूनच… मग मी देवाकडे मागू तरी काय?"

"ते तुम्ही आणि तुमचा देव बघून घ्या."

काय दिवस होते ते! उन्हाळ्यात करंटचे हाल. दिवे लुकलुकले की श्रीकांत जेवणाचा डबा टाकून जनरेटरकडे धावायचा. तळघरात झुरळ शिरलं तरी त्याला ओळखपत्र विचारायचा. कुणी दार जोरात लावलं की असा बघायचा, की अप्पाराव मला म्हणायचे, "अम्मा, ये पोट्टा पागल हुआ. बीवी को भी कोई ऐसा नहीं संभालता." नमुना जेवढा टिकणार तेवढं त्याचं उत्तर लांबणार, हे साऱ्या विभागाला माहीत झालं होतं. पैजा लागल्या होत्या. आणि हा बाबा रोज सकाळी काट्याकडे बघून आनंदाने हात चोळायचा, "हलला नाही, मॅडम! तसूभर हलला नाही!"

दसरा उजाडण्याआधीच समितीचं पत्र आलं. नळ्यांना मंजुरी. एकनाथरावांनी विभागभर डबल का मीठा वाटला. बाबांच्या हातोड्याची फार आठवण आली. श्रीकांत कुठे दिसेना, म्हणून मी तळघरात उतरले. तो तिथेच होता, यंत्रासमोर स्टुलावर.

"अभिनंदन," तो म्हणाला. "तुम्ही जिंकलात. माझं मात्र अवघड झालं… हा काही तुटायचं चिन्ह दिसत नाही."

"आता मंजुरी मिळाली. याचं काम झालं." मी पारड्याकडे हात नेला. "उतरवते. म्हणजे तुमचं —"

"ए, वेडी आहेस का!" त्याने माझं मनगट धरलं. घट्ट. "हात लावू नकोस. अजून कुठे याला थकवा आलाय? अजून किती सोसतो ते कळू दे. सगळ्या नळ्यांचं आयुष्य यावरून ठरायचंय, आणि तू…"

मग त्याच्या लक्षात आलं, आपण कुणाला काय म्हणालो. मनगट मात्र त्याने सोडलं नाही.

खरं सांगते, मी वजन उतरवणार नव्हते. पण तो थांबवतो का, हे मला बघायचं होतं.

"आणि तुझं उत्तर?" मी विचारलं.

"राहू दे ना ते. कुठे घाई आहे…" तो काट्याकडे बघत होता, डोळ्यांत पाणी. "लटकू दे त्याला."

भट्टीचा लाल उजेड त्याच्या चष्म्यात होता, त्या उजेडात मी होते. कसलाच आवाज नव्हता. माझ्या छातीत मात्र चक्की सुरू झाली होती.

"रविवारी घरी ये," मी म्हटलं.

"जेवायला?"

"नाही. आईसमोर बसायला. हे तिला तू सांगायचंस; मी फक्त हो म्हणेन."

"हो…?" त्याने फार हळू विचारलं, त्या खोलीत बोलायचं असतं तसं.

"हो," मी म्हटलं.

काटा हलला नाही.